खुलासा: पातं जितकं कडक तितका चाकू चांगला, असं नाही

खिशातला घडीचा चाकू घेताना ‘रॉकवेल आकडा जास्त असेल तोच घ्या, धार जातच नाही’ असा सल्ला सध्या फिरतोय. रॉकवेल आकडा म्हणजे पोलादाच्या कडकपणाचं माप. तो अर्धाच खरा आहे. कडक पोलादाची धार जास्त टिकते, पण तेच पातं कापताना पिळलं गेलं की धारेचे टवके उडतात, आणि पुन्हा धार लावताना घाम फुटतो. खोकी, दोऱ्या, फळं एवढ्यासाठी रॉकवेल ५६ ते ६० पुरे.

आधी खटका, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडकवून ठेवणारा भाग, बघा. पातं पूर्ण उघडून पाठीकडून चिमटीत धरा. वर-खाली हललं तर खटका ढिला, डावी-उजवीकडे हललं तर खीळ, म्हणजे ज्यावर पातं फिरतं ती, ढिली. खटका ढिला असेल तर पोलाद कितीही भारी असो, परत ठेवा. स्टेनलेसही गंजतं, बरं का. लिंबू कापून तसंच मिटलं की खिळीपाशी डाग पडतात.