परदेशी निघताना मित्रांना कसे दमवावे

हार्दिक अभिनंदन! अमेरिकेत ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या एमएसचा आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा कागद, तुमच्या हातात आला आहे. बाबांनी राहता फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला आहे आणि आई मेतकुटासाठी डाळी भाजत बसली आहे. म्हणजे तुमच्या वाटणीची कामं संपली. आता पुणं सोडेपर्यंत मित्रांना घेऊन फिरत राहायचं, एवढंच उरलं.

पहिलं पथ्य असं की कुठलाही बेत साधा ठेवायचा नाही. तो शेवटचाच असला पाहिजे. ‘यार, लास्ट टाइम’ म्हटलं की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. ज्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे तो येतो, ज्याला ताप आहे तोही येतो. वैशाली हॉटेलातलं शेवटचं एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, मार्चमध्ये खा, एप्रिलमध्ये खा, मे महिन्यात दोनदा खा. दर वेळी पहिल्या घासाला डोळे मिटून ‘हे तिकडे नाही मिळणार’ म्हणा. खुर्ची कधी रिकामी होते म्हणून तुमच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांकडे लक्ष देऊ नका. त्यांना कुठे जायचंय? तिथून गुडलकमध्ये बन मस्का. कॉलेजची चार वर्षं कँटीनच्या वडापाववर काढलेल्या मुलाला व्हिसाची तारीख मिळताच या शहराच्या खाद्यसंस्कृतीचा असा उमाळा येतो की इराणी हॉटेलातला वेटरसुद्धा हळवा होऊन बिल लवकर आणतो.

मग सिंहगड. पहाटे पाचला निघायचं ठरवा आणि साडेनऊला निघा, कारण ज्याच्याकडे गाडी आहे तो कधीच उठत नाही. आतकरवाडीतून पायवाटेने चढायचं ठरलेलं असलं तरी शेवटी घाटातून गाडीनेच जाणं होतं. घाटाच्या तोंडाशी वनखात्यातर्फे गाडीमागे उपद्रव शुल्क घेतात. निमूट भरा. तुमच्या ग्रुपचं इतकं नेमकं मूल्यमापन चार वर्षांत एकाही प्राध्यापकाला जमलेलं नाही. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही झालं की तानाजी कड्यापाशी उभं राहून ‘पुणं सोडवत नाही रे’ म्हणायचं. जुलैच्या धुक्यात पुणं तर सोडाच, शेजारचा मित्रही दिसत नसतो. पण भावना पोचतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे या गडावर लढले, ते पोराचं लग्न बाजूला ठेवून, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुम्हीही काही कमी नाही. बाबा कर्जाच्या कागदांवर तुमची सही हवी म्हणून बँकेत ताटकळत असताना तुम्ही इथे आलात. आधी लगीन कोंढाण्याचं.

गोव्याशिवाय तर तुम्हाला विमानात बसूच देत नाहीत, असं एकंदर तुमच्या पिढीचं मत दिसतं. जायचं कधी? जुलैत. तेव्हा किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, समुद्र खवळलेला असतो, वाळूत लाल बावटे रोवलेले असतात आणि पाण्याकडे पाऊल टाकलं की जीवरक्षकाची शिट्टी ऐकू येते. थोडक्यात, शिवाजीनगरच्या खोलीत बसून पत्ते खेळण्याची सगळी सोय तिथे आहे, फक्त रात्रभर स्लीपर बसमध्ये लोळत जावं लागतं. पण एका गोष्टीला तोड नाही. ‘आपण दरवर्षी इथेच भेटायचं’ अशी शपथ अशाच गळक्या खोलीत घेतली जाते. ती जरूर घ्या. दर डिसेंबरला ग्रुपवर कुणीतरी तिची आठवण काढतं, बाकीचे बदाम पाठवतात, आणि विषय पुढच्या डिसेंबरवर जातो.

लोणावळ्याला मात्र जाऊ नका. हे उपरोधाने म्हणत नाही. २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासन पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतं, आणि ते आदेश लावलेल्या फलकाला टेकून मुलं रील करतात. शैक्षणिक कर्ज देताना अनेक बँका विद्यार्थ्याचा आयुर्विमाही उतरवायला लावतात. का, ते त्या फलकाला टेकल्यावर आठवून पाहा. बाकी चालू द्या.

फोटोंचं काय करायचं, हा जरा नाजूक विषय. २०२५ च्या जूनपासून अमेरिकेने विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली सोशल मीडियावरची खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे तुमचे गोव्यातले फोटो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या साहेबाने बघायचे आहेत. त्याला तुम्ही शिकायला चालला आहात हे पटायला हवं. म्हणून अधूनमधून पुस्तकाचा फोटो टाका, पण शेजारची बाटली कापून टाका. तुम्ही निम्मी रात्र जागून चार वर्षांच्या पोस्ट खोदून खोदून पुसाल. साहेब बघेल न बघेल, सांगलीची आत्या मात्र बघेल. खुलं खातं सगळ्यांनाच खुलं असतं, आणि सूक्ष्म निरीक्षणात आत्यापुढे अमेरिकेच्या कुठल्याही खात्याचा निभाव लागत नाही. ‘तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, हाताला नेलपेंट आहे’ हे वकिलातीला कळायच्या आत तुमच्या आईला कळलेलं असतं. मुलाखतीत विचारतील त्याहून अवघड प्रश्न त्या रात्री जेवताना येतात, आणि तिथे ‘आय इंटेंड टु रिटर्न टु इंडिया’ म्हणून सुटका होत नाही.

आता पैसे. निघालेल्या माणसाने बिल द्यायचं नसतं. बिल आलं की मोबाइलकडे बघत सुस्कारा सोडायचा आणि ‘चाळीस लाखांचं लोन आहे रे डोक्यावर’ म्हणायचं. आकडा एवढा मोठा असला की समोरच्याला तीनशे चाळीस रुपये मागायची लाज वाटते. शिवाय सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी नोंदणीची, फी ३५० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर हे पाठ असू द्या. मिसळ आली की रुपयांत आणि मिसळ संपली की डॉलरमध्ये बोलायचं. हिशेब ठेवायला ग्रुपमधला एक जण नेमा. शक्यतो तो नेमा, ज्याला तुमच्याच युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता, तुमच्याहून जीआरईला गुण जास्त होते, पण ज्याच्या घरी तारण ठेवण्यासारखं काही नव्हतं. तो आता कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीच्या जॉइनिंग लेटरची वाट बघतोय, त्यामुळे रिकामा आहे. त्याच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून ‘तू राहिलास तेच बरं, तिकडे फार एकटं वाटतं म्हणे’ असं त्याला सांगा. तो हसेल. तो सगळ्यांचे हिशेब अगदी चोख ठेवतो, हा त्याचा स्वभाव आहे. ते तुम्ही कधी तपासून बघितले नाहीत, हा तुमचा.

घरच्यांसाठी वेळ काढायचा असल्यास थोडक्यात उरका. कुलदैवताला जाऊन यायचं असेल तर जेजुरीला एका सकाळीत होतं. गाडीतून उतरा, भंडारा लावून घ्या, फोटो काढा, परत गाडीत. कराडच्या आजीला व्हिडिओ कॉल चालतो, तिला तसंही ऐकू कमी येतं. आई कुकर लावायला शिकवू पाहील. तिला ‘यूट्यूबवर असतं गं’ म्हणून थांबवा. रात्री अकरा वाजता ती हॉलमध्ये काट्याला बॅग लटकवून २३ किलोच्या आत बसवायला गोड्या मसाल्याचं पाकीट काढते, लोणच्याची बरणी काढते, पाकीट परत घालते. हे बघायला तुम्ही घरी असण्याची गरज नसते. तुम्ही त्या वेळी टपरीवर शेवटची कटिंग घेत असता.

निरोपाच्या रात्रीचं गणित सोपं आहे. पुण्याहून अमेरिकेला थेट विमान नाही, म्हणून मुंबई गाठावी लागते. भाड्याच्या गाडीत सात माणसं मावतात आणि मित्र आठ आहेत. बाबांना पुढे बसावंच लागतं, कारण पैसे ते देणार. आई जागा नाही म्हणून घरीच थांबते आणि ‘तुम्ही मुलं जा, मजा करा’ म्हणते. तिने असं म्हटलं की लगेच हो म्हणायचं असतं, नाहीतर ती यायचीही शक्यता असते. एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर शेवटचा वडा. टर्मिनल दोनच्या दाराशी तिकीट असणाऱ्यालाच आत सोडतात, त्यामुळे मिठ्या बाहेर, ट्रॉल्यांच्या गर्दीत, गाडी हटवायला सांगणाऱ्या पोलिसाच्या साक्षीने. आठही मित्रांना दोनदोनदा भेटा. बाबांना शेवटी, घाईत, वाकल्यासारखं करून.

एक शक्यता राहिलीच. कधीकधी गोष्ट विमानतळापर्यंत जातच नाही. मुलाखत झाल्यावर खिडकीतून व्हिसाच्या होकाराऐवजी २२१ (जी) ची चिठ्ठी मिळते, तुमचं प्रकरण पुढच्या तपासणीत जातं, ऑगस्ट सरतो, आणि युनिव्हर्सिटी कळवते की आता जानेवारीत या. अशा वेळी डगमगायचं नाही, पण बाहेरही पडायचं नाही. सगळ्यांचा निरोप घेऊन झालेला माणूस भर गणपतीत लक्ष्मी रोडवर आडवा येणं, हे पुण्यात अतिशय अशोभनीय मानलं जातं. ‘अरे, तू अजून इथेच?’ हा प्रश्न किराणावाला, इस्त्रीवाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू यांनी विचारून झाला की दिवाळीपर्यंत घरात बसा. कुकर तेवढा शिकून घ्या.

व्हिसा आला की मात्र उठा आणि ग्रुपवर लिहा: ‘गाइज, सिंहगड? लास्ट टाइम, खरंच.’ सगळे वाचतील. निळ्या खुणा दिसतील. बराच वेळ कुणी काही लिहिणार नाही. मग हिशेब ठेवणाऱ्याचं उत्तर येईल. त्यात एकही अक्षर नसेल, फक्त त्याचा क्यूआर कोड असेल.