कंपनीच्या परिवारात नांदावे कसे

पोट्टेहो, आमच्याकडच्या एमआयडीसीत पुन्हा भरती निघणार असे ऐकतो. तेव्हा आयटीआय करून धुऱ्यावर मोबाईल चाळत बसलेल्या तमाम तरुणांसाठी, आणि 'पोरगा कंपनीत आहे' एवढ्यावर मुलगी द्यायला निघालेल्या बापांसाठीही, हा थोडा अनुभवाचा उपदेश. अनुभव अकरा वर्षांचा आहे. शिळा नाही, त्यातली शेवटची सकाळ मागच्याच महिन्यातली.

सगळ्यात आधी चेहरा सांभाळा. आमच्या गेटवर हजेरीचे यंत्र आहे. समोर तोंड नेले की हिरवा दिवा लागतो आणि आतली बाई 'धन्यवाद' म्हणते. त्या दिवशी पहिल्या पाळीला पावणेसहाला उभा राहिलो, तर दिवा लाल. 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.' दुपट्टा सोडला. पुन्हा प्रयत्न करा. चष्मा काढला, कपाळ पुसले. मागे रांग वाढली, कोणीतरी 'सरक ना बे' म्हणाले. चौथ्यांदा तोंड पुढे केले तेव्हा गेटवरचा शिपाई, शेजारच्याच गावचा, कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, काहून डोये ताणून रायले? नाव काढलं तुमचं. काल सांजेलेच यादी आली."

अंगात काय होते सांगू? आठवडाभर आधी 'परिवार दिना'ला वाटलेला निळा टी-शर्ट. पाठीवर लिहिलेले, 'आपण एक परिवार'. यंत्राला पाठ दाखवली असती तर कदाचित ओळखले असते.

परिवार हा शब्द साहेबांनी उच्चारला की गहिवरून यायचे, हेही शिकून घ्या. जेवणाच्या सुट्टीतले दहा मिनिटे कापताना परिवार, रविवारी बोलावताना परिवार, दिवाळीला सोनपापडीचा डबा देताना तर फारच परिवार. माझे आजोबा सालदार होते. त्यांचा मालक काही देवमाणूस नव्हता, आई-बहिणीवरून शिव्या द्यायचा. पण साल पाडव्याला ठरायचे आणि पाडव्यालाच सुटायचे. ज्वारी किती, कपडे किती, चपलेचा जोड कधी, हे चार माणसांसमोर बोलले जायचे. 'तू माझ्या पोरासारखा' असे तो एकदाही म्हणाला नाही. अडाणी माणूस, त्याला एचआर ठाऊक नव्हते.

बैलाचे तर बोलूच नका. पोळ्याच्या आदल्या सांजेला त्याचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात आणि त्याला सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' म्हणजे उद्या काम नाही, हे बैलालासुद्धा एक दिवस आधी कळवतात. तुम्ही बैलाच्या तोडीचे आहात असा गैरसमज कृपया करून घेऊ नका.

आजारी पडायचे झाल्यास सुट्टीच्या दिवशी पडा.

ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी हे 1948 च्या कारखाना कायद्यापासून लिहिलेले आहे. छान लिहिलेले आहे, तिथेच राहू द्या.

आता ग्रॅच्युइटी. हा विषय नीट समजून घ्या, कारण यात कंपनीची कला आहे. 1972 च्या कायद्यापासून नियम असा, एका मालकाकडे सलग 5 वर्षे काम झाले की दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यायचा. माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. भागिले महिन्यातले कामाचे 26 दिवस, झाले 500. गुणिले 15, झाले 7,500. अकरा वर्षांचे 82,500. हा हिशेब मी कितीतरी रात्री तोंडी केला आहे, बायकोला झोपेतून उठवून विचारा, तीही सांगेल. थोडी भर घातली की बैलजोडी झाली असती, नाहीतर पोरीची नर्सिंगची पहिली फी. पण अकरा वर्षांत माझे 'मालक' चार झाले! गेट तेच, शेड तेच, मशीनही तेच, आणि त्या मशीनचा पट्टा कुठे घासतो, पावसाळ्यात कोणती बेअरिंग बोंबलते हे मला झोपेतही सांगता येईल. बदलायचे ते फक्त गळ्यातल्या कार्डावरचे कंत्राटदाराचे नाव. तीन वर्षे झाली की एक दिवस सुपरवायझर कागद घेऊन यायचा: "इथं सही कर, नवीन एजन्सी आली." जुन्या कंत्राटदाराचा राजीनामा आणि नव्याचा अर्ज एकाच टाचणीत. ज्याला मी कधी पाहिले नाही त्याचा राजीनामा देऊन, ज्याला कधी पाहणार नाही त्याच्याकडे चाकरीला लागायचो, आणि हे सगळे चहा थंड व्हायच्या आत. मग हिशेब मागायला गेलो तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, तुमची कुठेच सलग 5 वर्षे होत नाहीत. कंपनीत तुम्ही नव्हताच, त्या एजन्सीकडे विचारा. एजन्सीचा फोन बंद. तिच्या पत्त्यावर गेलो, तिथे झेरॉक्सचे दुकान निघाले. मी नव्हतोच म्हणे! मग 2019 च्या पुरात पाणी शेडमध्ये शिरले तेव्हा गुडघाभर चिखलातून गठाणी उचलत कोण होते? माझे भूत?

बरे, उपदेश चालू आहे. शांत व्हायला हवे.

कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेले आहे. हे साहेबांना मोठ्याने सांगू नका, त्यांना वाईट वाटते.

पीएफमध्ये वडिलांच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले निघाले तर घाबरू नका, ते सगळ्यांचेच चुकलेले असते.

सध्या वेळच वेळ आहे, म्हणून थोडे वाचतो. या बाजाराच्या विचाराचा बाप मानतात तो अ‍ॅडम स्मिथ 1776 सालीच लिहून गेला की मजुरी वाढू द्यायची नाही, यावर मालकांची आतून एकी असते. आमच्या एमआयडीसीत पाच गेटांवर फिरून पाहा, रोजी पाचही ठिकाणी एकच निघते. पुढे 1914 मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डने रोजी एकदम 5 डॉलरवर नेली आणि कामाचे 9 तासांचे 8 केले. धर्म म्हणून नव्हे, माणसे टिकत नव्हती म्हणून. आपल्याकडे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 9 चे 12 करायला मंजुरी दिली. आकडे तेवढे उलट्या बाजूने वाचले असतील.

आणि लांब कशाला जायचे? नागपूरला जमशेटजी टाटांनी 1877 च्या पहिल्या तारखेला एम्प्रेस मिल सुरू केली. 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. तेव्हा इथे पीएफचा कायदा नव्हता, यंत्रावर चेहरा नव्हता, 'परिवार दिन' तर नव्हताच. नफाही होत होता. इंग्रजी राज्यात, याच विदर्भात, याच कापसावर ते जमत होते. आज त्या जागेवर मॉल आहे.

अकरावीला सर अर्थशास्त्र शिकवायचे: भांडवल मालकाचे, जोखीम मालकाची, म्हणून नफाही मालकाचा. मजुराला नफा नाही, पण त्याला जोखीमही नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार. मला हे इतके पटले की वावर ठोक्याने दुसऱ्याला कसायला देऊन मी कंपनीत गेलो. 2017 ला गुलाबी बोंडअळीने गावाच्या पऱ्हाट्या पोखरल्या, लोक बोंडे फोडून दाखवत रडत होते, आणि माझा पगार 7 तारखेला जमा झाला. खरे सांगतो, त्या दिवशी मला बापापेक्षा शहाणा झाल्यासारखे वाटले.

तो सौदा कुठे गेला, साहेब? ऑर्डर कमी झाली की आम्ही घरी. सरकी महागली की आमचा ओव्हरटाइम बंद. मशीन बिघडले तर तो दिवस बिनपगारी. आणि धंदा तेजीत आला की? दोन वर्षांपूर्वी आला होता. नवी शेड झाली, साहेबांची नवी गाडी आली, आम्हाला टी-शर्ट आला. तोटा झाला तर आपण सगळे परिवार, नफा झाला तर तुम्ही कंत्राटदाराची माणसे! शेतीतली सगळी जोखीम तुम्ही आमच्या गळ्यात घातली, फक्त त्यासोबत शेत दिले नाही. शेतकऱ्याचे पीक बुडाले तर निदान पायाखाली वावर उरते. कंपनीतून माझ्याकडे काय उरले? चार रंगांच्या चार दोऱ्या, गळ्यातल्या कार्डांच्या.

काढायचे होते तर काढा, धंदा आहे, मी समजू शकतो. पण अकरा वर्षे ज्याच्याकडून काम घेतले त्याला आदल्या दिवशी समोर बसवून दोन वाक्ये बोलायला काय जाते? पावणेसहाला, पोरांच्या रांगेसमोर, मी एका डबड्याला चार वेळा तोंड दाखवत होतो. तेव्हा तुम्ही आत एसीत होता, काचेतून दिसत होता. मान खाली घातलीत, तेवढी लाज आहे म्हणजे. मग तेवढ्याच लाजेने कपाट उघडा, आणि माझे शेवटच्या महिन्यातले 17 दिवसांचे पैसे टाका. 'वरून मेल यायचा आहे' हे पाचवे कारण सांगू नका. मेल काय एसटीने येतो आहे का?