‘पोर्तुगीज वेगळे होते’ म्हणणाऱ्यांना

१९ डिसेंबर जवळ आला की गोवा मुक्तिदिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक घरच्यांचा. त्याचा सारांश असा : पोर्तुगीज इंग्रजांसारखे नव्हते. ते लोकांत मिसळले, त्यांनी काळा-गोरा असा भेद केला नाही. गोवेकरांना ते आजही नागरिकत्व देतात. गोव्याच्या मुळाचा माणूस तिथे पंतप्रधान झाला. आणि १९७४ साली त्यांनी साम्राज्य सोडलं ते कायमचं. आज पोर्तुगालात त्याचा मागमूसही नाही.

गोव्यातल्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, मराठीत भरपूर लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय पोर्तुगालबद्दल. कारण हा मजकूर जी भाषा बोलतो ती मुळात लिस्बनच्या सरकारने घडवलेली आहे. वसाहती गेल्या तरी तिथे तीच सगळ्यात चिवटपणे टिकून राहिली.

‘भेद केला नाही’पासून सुरुवात करू. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या १९३० च्या वसाहत कायद्यात लपवाछपवी नव्हती. सागरापलीकडचे मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं अंगभूत काम आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध ठराव मांडला. पुढे दुसरं महायुद्ध झालं, भारत स्वतंत्र झाला आणि ‘साम्राज्य’ हा शब्द जगात बदनाम झाला. तेव्हा १९५१ साली घटना दुरुस्त करून ‘वसाहती’ खोडलं गेलं आणि त्या जागी ‘सागरापलीकडचे प्रांत’ आलं. त्याच सुमारास ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेरी यांना सरकारी पाहुणे म्हणून बहुतेक वसाहती फिरवून दाखवण्यात आल्या. ते गोव्यातही येऊन गेले. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशात सहज मिसळतो, त्याच्या मनात वर्णद्वेष नसतो, अशी त्यांची मांडणी होती. सरकारला ती आयतीच मिळाली. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला आणि तुमच्या ताब्यात कोणते परतंत्र प्रदेश आहेत असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं, एकही नाही, हे सगळे आमचे प्रांतच आहेत. तेव्हा ‘आम्ही वेगळे’ हा दावा वसाहती हातच्या जाऊ नयेत म्हणून पुढे केला गेला होता, हे तो फॉरवर्ड करणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

आणि त्याच वर्षांत प्रत्यक्ष कायदा काय होता? अंगोला, मोझांबिक आणि गिनी इथे काळ्या माणसाची कायदेशीर ओळख ‘नेटिव्ह’ अशी होती. नागरिक व्हायचं तर त्याला सिद्ध करावं लागे की आपल्याला पोर्तुगीज नीट बोलता येतं, कमाई पुरेशी आहे, वागणं-राहणं नागरिकाला साजेसं आहे. म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात राहणाऱ्याने आपण कसे राहतो ते अधिकाऱ्यापुढे शाबीत करायचं. गोऱ्या माणसाला तो निरक्षर असला तरी हे कुणी विचारत नव्हतं. १९५० साली अंगोला किंवा मोझांबिकमध्ये अशी मान्यता मिळालेले आफ्रिकी लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. उरलेल्यांच्या वाट्याला सक्तीची मजुरी, आणि उत्तर मोझांबिकमध्ये तर सक्तीची कापूसलागवड. हा कायदा रद्द झाला १९६१ मध्ये, अंगोलात उठाव पेटल्यावर.

गोव्याला तो लागू नव्हता, हे खरं. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातल्या हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, हेही खरं, आणि ते नाकारायचं कारण नाही. पण आपल्या आजोबांना कागदोपत्री मिळालेल्या वागणुकीवरून आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या वतीने ‘भेद नव्हता’ असं प्रशस्तिपत्र देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता नागरिकत्व. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो. सासष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांतली मुलं त्यावर इंग्लंडात स्विंडन, साउथॉलला पोचली. मात्र ही सवलत आहे, नियम नव्हे. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होत असताना, २४ जून १९७५ च्या फर्मानाने तिथे जन्मलेल्या बहुतेकांचं पोर्तुगीज नागरिकत्व काढून घेण्यात आलं. ज्याचे वाडवडील पोर्तुगालात जन्मलेले असतील त्याचं राहिलं, म्हणजे व्यवहारात गोऱ्यांचं आणि काही मिश्र वंशीयांचं. कालपर्यंत ‘तुम्ही आमच्याच प्रांतातले’ असं ज्यांना सांगितलं जात होतं, ते एका कागदाने परके झाले. १९८१ च्या कायद्याने पुढचं दारही अरुंद केलं : लिस्बनमध्येच जन्मलेल्या मुलालाही आईवडील परदेशी असतील तर त्यांच्या तिथल्या वास्तव्याची अट लागली. पुढे अटी सैल होत गेल्या, पण मधल्या काळात पोर्तुगालाबाहेर पाऊलही न टाकलेली केप वर्दे, अंगोलाच्या मुळाची मुलं तिथेच परदेशी म्हणून वाढली.

अंतोनिओ कोश्ता मडगावच्या मुळाचे, आणि ते २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते. त्याचा आनंद मलाही झाला. पण त्यांचंच ऐका की! मोझांबिकमधल्या विरियामु गावात पोर्तुगीज सैन्याने डिसेंबर १९७२ मध्ये सुमारे चारशे माणसं मारली होती. कोश्तांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मापुतोत जाऊन त्याबद्दल माफी मागितली. ज्यांचं नाव पुढे करून ‘काही झालंच नाही’ म्हणायचं, त्यांनीच झालं असं जाहीर सांगितलंय. आणि ते पंतप्रधान असतानाच, २०१९ मध्ये, लिस्बनजवळच्या कोवा दा मोरा या केप वर्देच्या लोकांनी उभारलेल्या वस्तीतल्या तरुणांना मारहाण केल्याबद्दल आठ पोलीस दोषी ठरले. त्याच वर्षी, पुढे होणाऱ्या २०२१ च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न घालायला सांख्यिकी खात्याने नकार दिला. मोजणीच नाही, त्यामुळे भेद किती तेही कळत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, १९७४ आणि मागमूस. साम्राज्य ‘सोडलं’ हा शब्दच चूक आहे. आफ्रिकेत तेरा वर्षं युद्ध चाललं आणि त्याला कंटाळलेल्या अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सत्ता उलथवली. पोर्तुगालची आजची लोकशाहीच त्या युद्धातून आली. गोवा मुक्तिसंग्रामातले आपले मोहन रानडे लिस्बनजवळच्या ज्या काशियाश किल्ल्यात १९६९ पर्यंत डांबलेले होते, त्याच किल्ल्यातले पोर्तुगीज राजकैदी क्रांतीनंतर दोन दिवसांच्या आत बाहेर आले.

त्यानंतर वसाहतींतून सुमारे पाच लाख माणसं पोर्तुगालात परतली, लोकसंख्या तेव्हा नव्वद लाखांच्या आसपास. त्यांचं सामान भरलेली लाकडी खोकी तेजू नदीच्या काठी, बेलेंला, सागरी शोधांच्या स्मारकाच्या पायथ्याशी रचून ठेवलेली १९७५ च्या छायाचित्रांत दिसतात. वर दगडात कोरलेले दर्यावर्दी समुद्राकडे बघतायत, खाली खोकीच खोकी. हे स्मारक १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं आणि १९६० मध्ये पक्कं बांधलं. त्याच्यापुढच्या फरशीवरची संगमरवरी दिशाचक्राची भेट वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने दिलेली आहे. आजही पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढतात.

पोर्तुगालच्या दक्षिणेला लागुश नावाचं बंदर आहे. १४४४ साली तिथे २३५ आफ्रिकी माणसं उतरवून वाटून घेतली गेली. २००९ मध्ये त्याच गावात वाहनतळासाठी खणताना जुन्या उकिरड्यात १५८ सांगाडे सापडले. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे, कचऱ्यात टाकलेले, त्यांत मुलंही होती, काहींचे हात बांधलेले असावेत अशा स्थितीत. सांगाडे काढून घेतले आणि वाहनतळ ठरल्याप्रमाणे झाला. त्याच्यावर आज बाग आहे, आणि तिथे मिनी गोल्फ खेळतात.