टक्के कशावर, ते आधी बघा

‘रोज हजार शब्द लिहा, बाकी आपोआप होतं’ हे नव्या लेखकांसाठीच्या तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहायचा, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. पण त्याच माणसाने कुठल्या पुस्तकाचे किती पैसे मिळाले याचा हिशेबही आत्मचरित्रात मांडला. 1883 मध्ये ते छापून आलं तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. तुमच्या लेखात पैशांच्या या बाजूबद्दल चकार शब्द नाही.

प्रकाशकाचा करार हातात पडला की नवा लेखक रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या आपल्या वाट्याचा, आकडा बघतो आणि सही ठोकतो. टक्के कशावर, ते आधी बघा ना! छापील किमतीवर दहा टक्के वेगळे आणि प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर दहा टक्के वेगळे. विक्रेत्याला निम्मी सूट गेली असेल तर दुसऱ्या हिशेबात तुमचे पैसेही निम्मेच. आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे. ती रॉयल्टीतून वळती होईपर्यंत पुढे छदाम मिळत नाही. आवृत्ती संपली आणि पुन्हा छापलीच नाही, तर हक्क परत कधी मिळणार? हे कलम नसेल तर मागून घ्या. ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत गुपचूप निघून जातात.

बाकी शब्दसंख्येचं म्हणाल, तर कादंबरी मध्यावर रुतली की हजार शब्द रेटण्यापेक्षा आधीची दोन प्रकरणं कापून बघावीत. गाठ बहुधा तिथेच बसलेली असते.