फोन आहे ना तुमच्याकडे?

रविवारपासून डोकं तापलंय ते अजून उतरत नाही, म्हणून लिहून टाकतो.

सायकलवर न्यायला एक छोटा कॅमेरा हवाय, एवढंच माझं म्हणणं होतं. यात कुणाच्या बापाचं काही जायचं कारण नाही. पण घरात, ऑफिसात, ग्रुपवर, जिथे म्हणून हे बोललो तिथे समोरच्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या खिशाकडे बघितलं आणि विचारलं, "फोन आहे ना तुमच्याकडे?"

आहे. फोन आहे. तो हँडलवर स्ट्राव्हा (राइडची नोंद ठेवणारं ॲप) चालवत असतो, नाहीतर जर्सीच्या मागच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना एखादं वळण असं येतं, की खाली येवलेवाडी-कोंढव्यावर धुकं आणि त्यातून इमारतींची नुसती टोकं वर आलेली. आता हे टिपायचं तर थांबा, पाय टेका, पिशवी सोडा, फोन काढा. फोन चेहरा बघून उघडणारा. हेल्मेट, गॉगल आणि नाकापर्यंत ओढलेला बफ या अवतारात मला सोसायटीचा वॉचमन ओळखत नाही, फोन बिचारा काय ओळखणार! मग आकडे दाबा. घामेजल्या अंगठ्याने एकाचा चार होतो. फोन उघडेपर्यंत ऊन वर आलेलं असतं, धुकं गेलेलं असतं आणि नेमका तेव्हाच घरून कॉल येतो: "येताना कोथिंबीर आण." कॅमेऱ्यावर कोथिंबिरीचे कॉल येत नाहीत. हा गुण एकाही परीक्षणात कसा लिहीत नाहीत?

शिवाय फोन हँडलवर लावायचीही धास्ती. 2021 साली ॲपलने जाहीरच सांगून टाकलं, की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींचा थरथराट आयफोनच्या कॅमेऱ्याला सोसत नाही, आतली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. आमची सायकल बिनइंजिनाची आहे हे खरं. पण आमच्याकडचे रस्ते इंजिनाची उणीव भासू देत नाहीत.

मागणी माझी साधी होती. एका हाताने खिशातून निघावा, त्याच हाताने सुरू व्हावा, घामाने आणि धुळीने मरू नये आणि त्याची बटणं हातमोज्यातून कळावीत. मेगापिक्सेल किती, हे मी कुणालाही विचारलेलं नाही. सांगितलं मात्र सगळ्यांनी.

"गोप्रो घ्या की," हा सायकलच्या ग्रुपमधल्या पोरांचा ठरलेला सल्ला. गोप्रो म्हणजे हँडलला नाहीतर हेल्मेटला लावायचा चिमुकला कॅमेरा. एकाचा उसना घेऊन पाहिला. त्या रुंद भिंगात सिंहगड गतिरोधकाएवढा दिसतो. माझी बोटं, ब्रेकच्या केबली आणि पुढच्या माणसाचं बूड मात्र झकास येतं. रिको जीआर थ्री म्हणजे मला हवा तसाच: 257 ग्रॅम, सेकंदाच्या आत तयार, एका हाताचं काम. पण धुळी-पाण्यापासून संरक्षण शून्य. सासवड रस्त्यावर डंपरच्या मागे दहा मिनिटं चालवा, दातांतून खडी निघते. तिथे बाहेर-आत करणारं उघडं भिंग घेऊन कुठे जाता? मग ऑलिंपसचा टीजी-6. पंधरा मीटर पाण्याखाली चालतो, भिंग बाहेर येतच नाही, आपटला तरी हूं की चूं करत नाही. पण सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा, एवढुसा, की माझ्या सगळ्या राइड ज्या वेळी सुरू होतात त्या पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचे फोटो भरड येतात. आणि फुजीचा एक्स100 सहा? दीड लाखाच्या पुढे. एवढा महागडा कॅमेरा मी राइडवर आयुष्यात एकदाच खिशातून काढीन. दुसऱ्यांदा काढायला बायको घराबाहेर सोडायची नाही.

राहता राहिला सोनीचा आरएक्स100. पहिलं मॉडेल 2012 चं, 240 ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावणारं, "एक इंची सेन्सर"वालं. आता हा एक इंच बघा. मी पट्टी घेऊन बसलो. सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटर. कुठल्याही बाजूने, अगदी तिरका मोजला तरी सोळा मिलिमीटरच्या पुढे जात नाही. इंच होतो पंचवीस मिलिमीटरचा! तर झालं असं, की जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या. त्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच आणि आत चित्र उमटायची जागा साधारण सोळा मिलिमीटर. नळ्या गेल्या, इंच राहिला. बरणीच्या मापाने लोणचं विकण्याचा हा प्रकार जगभर राजरोस चालू आहे आणि ग्राहक पंचायत गप्प आहे.

खरा संताप वेगळाच आहे. सायकलवाल्यांसाठी कॅमेरा ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नव्हे. 1890 च्या दशकात अमेरिकेत सायकलचं वेड शिगेला पोचलं होतं, तेव्हा कोडॅकने चक्क "बायसिकल कोडॅक" म्हणून कॅमेरे विकले. न्यूयॉर्कची फोल्मर अँड श्विंग तर सायकलींचाही धंदा करायची. त्यांच्या एका कॅमेऱ्याचं नावच "सायकल ग्राफिक". घडी घालायचा, पेटीत ठेवायचा, सायकलला बांधायचा. म्हणजे कुणातरी मिशीवाल्या गोऱ्याला सव्वाशे वर्षांपूर्वी दुकानात जाऊन "सायकलवर न्यायला कॅमेरा द्या" म्हणता येत होतं आणि दुकानदार त्याला खुळा समजत नव्हता! (डिजिटलची सुरुवातही काही खिशातली नव्हती. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा केला, तो साडेतीन किलोच्या वर होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद घ्यायचा. पण कॅरिअरला बांधता आला असता. माझ्या सायकलला कॅरिअर नाही, हा भाग वेगळा.)

तर रविवारी राइडवरून परतताना, अंगावर भगभगीत पोपटी जर्सी तशीच असताना, मी पेठेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो.

दुकानात लग्नाचा संसार मांडलेला. गिंबल, ड्रोन, गोल दिवे, छत्र्या, वधूच्या डोळ्यातलं पाणी अर्धा किलोमीटरवरून टिपणाऱ्या तोफा. खिशातले कॅमेरे कोपऱ्यातल्या कपाटात, धूळ खात. काउंटरवरच्या मुलाला मी म्हणालो, "सायकलवर न्यायला काहीतरी दाखवा."

मुलगा तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "फोन आहे ना तुमच्याकडे?"

मागे लाल प्लास्टिकच्या स्टुलावर एक काका बसले होते. पांढरा बुशशर्ट, मांडीवर खाकी लिफाफा. पासपोर्ट साइजचे फोटो काढून झाले होते, प्रिंटर गरम व्हायची वाट बघणं चालू होतं. म्हणजे त्यांना वेळ होता. पुण्यात वेळ असलेल्या माणसासमोर काहीही विकत घेऊ नये.

"आहे," मी म्हणालो.

"मग?"

मी फोन, घाम, धुकं सगळं सांगितलं. कोथिंबीर वगळली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आम्ही तीस वर्षं सायकलने पिंपरीला कारखान्यात गेलो," ते म्हणाले. "डबा नेला. कॅमेरा नाही नेला."

"पण मी फोटो काढायला जातो."

"कोणाचे?"

"घाटाचे. डोंगराचे."

"डोंगर कुठे जाणार आहे? जेवून, चार वाजता स्कूटरवरून जा आणि काढा."

डोंगर कुठे जाणार आहे, हे वाक्य पुण्यात उच्चारायला धाडस लागतं. मी गेल्या पावसाळ्यात ज्या टेकडीचा फोटो काढायचा राहिला म्हणून हळहळलो, तिथे आता पत्र्याचं कुंपण आणि "शेवटचे काही फ्लॅट शिल्लक" असा फलक आहे. पण हे काकांना सांगायची सोय नव्हती, कारण ते आता उठले होते.

"बसा," स्टूल माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "मला कळू दे. चालत्या सायकलवरून फोटो काढणार कसा?"

"तसं नाही हो, थांबूनच..."

"थांबूनच काढायचा तर फोन काढा! बसा."

यातला तर्क बिनतोड होता, त्यामुळे मी बसलो. काउंटरवरचा मुलगा एव्हाना रंगात आला होता. त्याने न मागता एक मोनोपॉड (कॅमेरा टेकवायची एकपायी काठी) माझ्या हातात आडवा दिला, हँडल म्हणून. दुसऱ्या हाताने कपाटातला कॅमेरा काढून जर्सीच्या मागच्या खिशात सारला. "डमी आहे सर, आत काही नाही. बिनधास्त काढा."

"चढ आहे की उतार?" काकांनी विचारलं.

"सपाट."

"मग पाय का थांबलेत?"

आणि मी पाय हलवले. चाळिशी उलटलेला, कर्ज फेडणारा, मुलाच्या शाळेच्या सभेत प्रश्न विचारणारा मी, पोपटी जर्सीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हवेत पायडल मारत होतो. त्याच वेळी एक बाई शाळेच्या गणवेशातल्या मुलीला घेऊन आत आल्या, फोटोसाठी. मुलीने आईचा पदर ओढला. "आई, ते काका काय करतायत?"

"सायकल चालवतायत," आई म्हणाली. "भांग नीट कर."

"हां, आता कॅमेरा काढा," काका. मी उजवा हात मागे नेला. मागच्या तीन खिशांत काय काय असतं हे सायकलवाल्यालाच माहीत: पंक्चरचं सामान, किल्ली, केळ्याची साल (रस्त्यावर टाकत नाही), वितळलेली चिक्की. चाचपडून जे हाती आलं ते रुबाबात डोळ्यापुढे धरलं. चिक्की होती.

"काढा फोटो," काका म्हणाले.

मुलगी खदखदून हसली. मुलगा काउंटरखाली वाकला, हसायला की फोनवर हे सगळं टिपायला, देव जाणे. मी पुन्हा हात घातला. यावेळी कॅमेरा आला, पण डमीचा पट्टा पंक्चरच्या डबीत अडकला आणि डबी फरशीवर खळकन सांडली. तेवढ्यात काकांनी तोंडाने हॉर्न वाजवला. "पों पों! मागून बस आली! डावीकडे घ्या!"

आणि काय सांगू, मी डावीकडे झुकलो. स्टूलही झुकलं.

"गेलात," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे त्यातल्या त्यात. एखाद्या इन्स्पेक्टरने पंचनामा संपवावा तसे ते आपल्या लिफाफ्याकडे वळले. मी गुडघ्यावर बसून पंक्चरच्या चिकट्या वेचत होतो. बाईंनी पायाने एक चिकटी माझ्याकडे सरकवली.

हसण्यावारी नेतोय खरा, पण सांगतो, मला राग काकांचा नाही आला. राग आला तो डमीचा. अख्ख्या दुकानात खिशात मावणारा, हातात घेऊन बघण्याजोगा एकही जिवंत कॅमेरा नव्हता. "मागवून देऊ सर, पण पूर्ण पैसे आधी. आल्यावर परत नाही घेत." म्हणजे जी वस्तू हातमोज्यातून कळते का एवढंच मला बघायचंय, ती न बघता, न धरता साठ-सत्तर हजार मोजून घ्यायची. ऑनलाइनही तेच. तिथे तर परीक्षण लिहिणारे सगळे कॅमेरा कॉफीच्या कपाशेजारी ठेवून फोटो काढतात. एकाच्याही कपाळावर घाम नाही. आणि घेतला तरी थांबून फोटो काढायचा कुठे? रस्त्याच्या पांढऱ्या रेघेपलीकडे वीतभर डांबर, मग थेट गटार. घाटात "धोक्याचे वळण" लिहिलेल्या ठिकाणी नेमकं दृश्य चांगलं असतं आणि नेमकी तिथेच वडापावची गाडी आणि चार मोटारी आडव्या लावलेल्या असतात. त्या मोटारींतून उतरून सेल्फी काढणाऱ्यांना कुणी विचारत नाही, डोंगर कुठे जाणार आहे म्हणून.

मी निघतच होतो. काकांचे फोटो तयार झाले होते, त्यांनी ते हातभर लांब धरून निरखले, खूश झाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आलाच आहात तर तुम्हीही पासपोर्टचे काढून घ्या. लागतात. शंभरात आठ देतो तो."

का हो म्हणालो, ठाऊक नाही. बहुधा दुकानातून काहीतरी घेऊन बाहेर पडायचं होतं. आतल्या खोलीत निळ्या पडद्यासमोर बसलो. हेल्मेटने केसांचे पट्टे पाडलेले, नाकावर गॉगलचे वळ. मुलाने एक जुना, कोपरे झिजलेला छोटा कॅमेरा उचलला, एका हाताने, अंगठ्याने सुरू केला, खट्. पुरता एक सेकंदही नाही. पडद्यावर माझा चेहरा बघतो तर काय, इतका स्वच्छ, की गालावर वाळलेलं मीठ दिसत होतं.

"अरे, हा कुठला कॅमेरा?" मी खुर्चीतून उठलोच.

"हा होय? बंद झाला सर हा. पार्टपण मिळत नाहीत." त्याचं लक्ष माउसकडे. "जर्सी काढून ब्लेझर टाकू ना फोटोत?"

"टाक, टाक," दारातून काका म्हणाले. "टाय निळा टाक."