गेलेले वजन सन्मानाने परत कसे आणावे

वजन कमी कसे करावे हे सांगणाऱ्यांची जगात वाण नाही. परंतु मोठ्या कष्टाने घालवलेले वजन व्याजासह परत कसे मिळवावे, आणि ते मिळाल्यानंतर पुन्हा सुरुवात करण्याचा विचार मनात कितीही वेळा आला तरी प्रत्यक्ष सुरुवात कशी टाळावी, याचे पद्धतशीर मार्गदर्शन मात्र कोणी करत नाही. ज्याला त्याला ते स्वतःच्या हिमतीवर शिकावे लागते. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला आहे असे मी नम्रपणे समजतो. आजवर मी जेवढे किलो घालवले त्यांची बेरीज केली तर एक सज्ञान माणूस उभा राहील, आणि जेवढे परत मिळवले त्यांची बेरीज केली तर त्या माणसाच्या कडेवर एक गुटगुटीत मूलही बसेल.

आरंभ अर्थातच चुकीपासून होतो, आणि चुकीच्या बाबतीत एकच पथ्य कसोशीने पाळावयाचे आहे: तिचा आकार कधीही मोजू नये. समजा, आठ आठवडे आपण नेमाने, मोजूनमापून खात होता आणि एका संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचे एकाऐवजी तीन तुकडे आपल्या पोटात गेले. थंड डोक्याच्या माणसाने हिशेब मांडला तर तो म्हणेल की एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी, तीन तुकड्यांच्या बाराशे धरल्या तरी फार तर दीडशे ग्रॅमचा प्रश्न आहे, म्हणजे खिशातल्या फोनपेक्षाही कमी वजनाचा. असल्या माणसाला जवळ फिरकू देऊ नये. दीडशे ग्रॅमसाठी कोणी आठ आठवड्यांची मेहनत मोडीत काढत नाही, आणि ती मोडीत काढल्याखेरीज आपले काम पुढे सरकत नाही. म्हणून तिसरा तुकडा संपताच ‘आता सगळे बिघडलेच आहे’ हे वाक्य मनाशी स्पष्ट उच्चारावे. या वाक्याने चौथ्या तुकड्याचे दार उघडते, रात्रीच्या जेवणाचे उघडते आणि दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचेही उघडते.

या वाक्याची ताकद प्रयोगशाळेतही सिद्ध झालेली आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने त्यांच्यापुढे हवे तेवढे आइस्क्रीम ठेवले. ज्यांना खाण्यावर ताबा ठेवण्याची सवय नव्हती त्यांनी मिल्कशेक पोटात असल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले, जे अगदी सरळ आहे. ज्या एरवी डाएटच्या शिस्तीत राहणाऱ्या होत्या त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले, कारण नियम मोडून झालाच होता. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. फक्त इथे पाणी गुडघाभर असते आणि बुडणारा स्वतः खाली बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर जरूर उभे राहावे. तिथे दीडेक किलो वाढलेले दिसेल आणि आपल्या निराशेला अधिकृत शिक्का मिळेल. शरीर पिष्ट आणि साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यामुळे एका रात्रीत वाढलेला हा आकडा बहुतांशी पाण्याचा असतो आणि नेहमीसारखे जेवत राहिल्यास काही दिवसांत उतरतो, ही माहिती मनातून काढून टाकावी. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झपाट्याने उतरले होते त्यातही मोठा वाटा याच पाण्याचा होता, पण तेव्हा आपण ती चरबी समजून चार लोकांना फोन करून सांगितले होते. जाताना ज्याचा उत्सव केला त्याचाच परत येताना शोक करावा. निदान त्यात सुसंगती आहे.

शोक झाला की काटा पलंगाखाली सरकवावा. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, तीत किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवून ठेवलेल्या हजारो माणसांच्या सवयी टिपल्या जातात, आणि त्यांतली बहुसंख्य माणसे आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. त्यामुळे त्यांना दोन किलोची वाढ दोन किलो असतानाच कळते. आपल्याला ती नऊ किलोंची झाल्यावर, एखाद्या समारंभासाठी जुनी विजार काढली असता, कळली पाहिजे. त्याशिवाय धक्का बसत नाही, आणि धक्क्याशिवाय आपल्यासारख्यांना चैन पडत नाही.

आता थोडे शरीराविषयी बोलणे भाग आहे, कारण या विषयातले ज्ञान फार काळजीपूर्वक हाताळावे लागते. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, आणि या काळात ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, जेवणाची स्वप्ने पाहू लागले, एकेक जेवण घोळवत लांबवू लागले. पुन्हा मोकळेपणाने खायला मिळाल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांची भूक पोट भरले तरी शमेना, आणि वजन परत येताना मूळ आकड्यापाशी थांबले नाही. अलीकडे वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची स्पर्धेनंतर सहा वर्षांनी तपासणी झाली (तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले), तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत असल्याचे आढळले. भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरकेही वजन घटल्यानंतर वर्षभर पूर्वपदावर येत नाहीत, असे २०११ च्या एका अभ्यासात दिसले होते. म्हणजे वजन परत येण्यामागे शरीराची स्वतःची चिवट यंत्रणा असते आणि घसरलेला माणूस चारित्र्यहीन नसतो.

हे ज्ञान दोनच प्रकारे वापरावे. एक तर ते स्वतःपासून पूर्ण लपवावे आणि आपण जन्मजात दुबळ्या मनाचे आहोत असे रोज स्वतःला बजावावे. अपराधी मनाला भूक जास्त लागते, हा लाभ वेगळाच. नाही तर ते तोंडपाठ करून ‘माझे मेटाबॉलिझमच तसे आहे’ या एका वाक्यात सर्व प्रयत्नांची इतिश्री करावी. या दोहोंच्या मधली जी वाट आहे, म्हणजे भूक काही काळ जास्त लागणारच आहे हे आधीच गृहीत धरून घरात समोर काय ठेवायचे, ताटात काय आधी घ्यायचे आणि रात्री कधी झोपायचे याची निमूट व्यवस्था लावणे, तिच्यावर पाऊल ठेवू नये. त्या वाटेवर नाट्य अजिबात नाही.

खाल्लेले लिहून ठेवण्याची सवय असेल तर ती मात्र चालू ठेवावी, फक्त स्मरणावर विसंबून. कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्या काही जणांचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. ते आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होते, आणि त्यात लबाडीचा भाग असेलच असे नाही. उभ्याने खाल्लेले कोण मोजतो?

वजन पुरेसे परतले की प्रेरणेची वाट पाहण्याचा काळ सुरू होतो, आणि माझ्या मते संपूर्ण उपक्रमातला हा सर्वांत रम्य भाग आहे. प्रेरणा ही कामाच्या आधी येते, आतून येते आणि एकदम येते अशी श्रद्धा बाळगावी. चार दिवस काम करत राहिल्यावर ती हळूच मागून येऊन शेजारी बसते असे काही अनुभवी लोक सांगतात, पण ते लोक आपल्याला प्रेरणादायी वाटत नाहीत. तोवर तयारी करावी. नवे बूट घ्यावेत, नवे ॲप घ्यावे, नवी वही घ्यावी. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. प्रत्येकीची पहिली चार पाने सुवाच्य अक्षरात भरलेली आहेत आणि पुढे शाई वाया घालवलेली नाही.

नवा बेत आखताना तो मागच्यापेक्षा कडक असावा याकडे विशेष लक्ष द्यावे. मागच्या वेळी साखर बंद केली होती आणि ते जमले नाही, तर आता साखर, पिष्ट, तेल आणि रात्रीचे जेवण बंद करावे. जो पूल माणसाच्या वजनाने खचला त्यावरून हत्ती नेऊन पाहणे यालाच निर्धार म्हणतात. शिवाय एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत उराशी धरून बाविसाव्या दिवशी पहाटे आपोआप जाग येण्याची वाट पाहावी. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. हे शेवटचे वाक्य वाचले नाही असे समजावे. चुकलेल्या दिवसाने काही बिघडत नसेल तर आपण गेले सात महिने कशासाठी थांबलो आहोत, असा अवघड प्रश्न त्यातून निर्माण होतो.

खरे तर आपल्या मार्गातला एकमेव गंभीर धोका म्हणजे पुढचे जेवण. तीन तुकड्यांच्या त्या संध्याकाळनंतरचे जेवण जर आपण आदल्या दिवशीच्याच मापाने, कोणाला काही न सांगता, उपास किंवा प्रायश्चित्त न करता जेवलात, तर सगळे मुसळ केरात. मग पुन्हा सुरुवात करण्याचे कारणच उरत नाही, कारण काही संपलेलेच नसते. वही नाही, बूट नाहीत, घोषणा नाही, आणि मित्रमंडळींत सांगण्यासारखी कहाणी तर मुळीच नाही. एवढ्या बेरंग मार्गाने सडपातळ झालेल्या माणसांचा मला मनापासून कंटाळा येतो.

म्हणून पुढच्या जेवणाला हात घालण्याऐवजी मुहूर्त शोधावा. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की इंटरनेटवर ‘डाएट’ या शब्दाचा शोध आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या आरंभी वाढतो. म्हणजे आपण एकटे नाही. मात्र साधा सोमवार घाईघाईने स्वीकारू नये, कारण तो दर आठवड्याला येतो आणि त्यामुळे त्याला वजन नाही. सोमवारी पहिली तारीख असावी. आणि पहिली तारीख असायचीच तर ती जानेवारीची का नसावी? १ जानेवारी आणि सोमवार हा योग २०२४ मध्ये जुळून आला होता, पण त्या दिवशी मला थोडी कणकण वाटत होती. पुढचा योग २०२९ मध्ये आहे. तोवर फ्रीजमध्ये जे काही आहे ते संपवत राहणे भाग आहे, कारण सुरुवातीच्या दिवशी घरात मोहाचे पदार्थ असता कामा नयेत.