दोन दिवसांत जाणारी ट्यूब

परवा संध्याकाळी शेजारची पोरगी घरी आली. तेवीस वर्षांची आहे, कुपवाड एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, तोंडाला मास्क, आठ तास. ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, "काकू, हे बघा की जरा."

हनुवटीपासून नाकाच्या कडेपर्यंत बारीक लाल पुरळ. मध्येमध्ये साल सुटलेली. ओठांना अगदी लागून मात्र एक अरुंद पट्टी स्वच्छ, तिथं एक फोड नाही. ती पट्टी बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. 2020 साली मी ती रोज आरशात बघत होते.

म्हटलं, "पर्समधली ट्यूब काढ."

"ट्यूब आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळणार? मी पण तीच लावली होती.

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, बावीस वर्षं झाली. मास्क मला नवा नाही. आमच्या सुरुवातीच्या काळात हिरव्या कापडाचे, मागं नाड्या बांधायचे मास्क होते. केस संपली की काढायचा, धुवायला टाकायचा. त्यानं चेहऱ्याला कधी काही झालं नाही. मग मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे पेशंट सापडले आणि आमचं सगळंच बदललं. एन-95, वर सर्जिकल, वर फेस शील्ड, अंगात तो प्लॅस्टिकचा किट, आणि बाहेर एप्रिलचं ऊन. एकदा घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. काढल्यावर नाकाच्या हाडावर वळ, गालावर वळ. आम्ही एकमेकींना बघून हसायचो. पुढं पुढं कानामागची कातडीच सोलायला लागली, तेव्हा टोप्यांना दोन बाजूंना दोन बटणं शिवली आणि मास्कचे इलॅस्टिक त्यात अडकवले. कुणाची कल्पना होती आठवत नाही, पण आठवड्यात सगळ्या स्टाफच्या टोप्यांना बटणं आली.

तोंडाभोवतीची आग मात्र बटणांनी जाणारी नव्हती. कपडे भिजवून धुतले की बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली होतात, तसं मास्कच्या आत चेहऱ्याचं होतं. आपलाच गरम दमट श्वास, त्यात घाम, आणि बोललं की वरखाली घासणारं कापड. फुगलेल्या कातडीला घासणं सोसत नाही. मास्क काढला की तीच कातडी कोरडी पडून ताणते. दिवसातून दोनदा हे चक्र, सहा महिने.

त्यात आम्ही भर घातली. घरी आल्यावर भीतीनं साबणानं चार-चार वेळा तोंड धुतलं. कापडी मास्क जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून वाळवले. एक जण तर मास्कच्या आतून सॅनिटायझर मारून तो तोंडाला लावायची. नर्स होतो आम्ही, हे लक्षात घ्या.

एका रात्री घरी जाताना मी मेडिकलमध्ये थांबले. मेडिकलवाल्यानं मास्क खाली करायला सांगितलं, लांबूनच बघितलं आणि एक ट्यूब पुढं केली. "हे लावा, दोन दिवसांत जातंय बघा." आणि खरंच गेलं! दोन दिवसांत चेहरा असा झाला की जाऊबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, काय लावतेस गं?

तीन महिने लावली. बंद केली की तिसऱ्या दिवशी दुप्पट यायचं, म्हणून परत लावायची. शेवटी गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, तेव्हा सांगलीला त्वचेच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ट्यूब हातात घेतली, मोबाईलचा टॉर्च लावला आणि मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. म्हणजे एक जोरदार स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध. काय झालंय ते न बघता तिन्ही दिशांना गोळ्या झाडायच्या, त्यातला प्रकार. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही?"

त्या दोन शब्दांची लाज अजून वाटते. वॉर्डात असताना मीच पेशंटच्या हातापायाला जाड मलम लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं आहे, झाकलं की औषध जास्त मुरतं म्हणून. आणि इथं चेहऱ्यावर, जिथली कातडी आधीच पातळ, तिथं स्टिरॉइड चोपडून वर घट्ट मास्क बांधत होते. रोज.

स्टिरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. योग्य जागी, मोजके दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ते फार कामाचं आहे. लाली आणि सूज ते झटक्यात दाबतं, म्हणूनच "दोन दिवसांत" जातं. पण लाली दाबली म्हणजे कारण गेलं असं नाही. मास्क तसाच, घाम तसाच, आणि खाली कातडी पातळ होत जाते. सोडलं की ती चवताळून उठते. माझे ते सोडल्यानंतरचे पाच आठवडे मी शत्रूलाही चिंतणार नाही. डॉक्टरांनी पोटातून गोळ्या दिल्या आणि चेहऱ्याला जवळजवळ काहीच नाही. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, बस.

2018 मध्ये केंद्र सरकारनं ही स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये पक्की बसवली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसं छापलेलं पण असतं, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्या मेडिकलवाल्यावर मी चिडले होते, पण खरं सांगू? मी चिठ्ठी घेऊन गेलेच नव्हते. डॉक्टरकडं का गेले नाही, हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे.

गेले नाही कारण लाज वाटली. आजूबाजूला माणसं मरत होती आणि मी तोंडावरच्या पुरळाचं सांगू? हाताला जखम झाली असती तर इन्चार्जना सरळ सांगितलं असतं. चेहऱ्याचं म्हटलं की तो नखरा. बायकांचा तर हमखास नखरा. "पार्लरला जा की," असं एका डॉक्टरनंच एका सिस्टरला हसत हसत म्हटलेलं मी ऐकलंय. कामामुळं पाठ दुखली तर ती कामाची दुखापत, आणि कामाच्या मास्कमुळं तोंड सोललं तर तो नटवेपणा, हे कुठलं शास्त्र? असं ऐकून घ्यायचं नको म्हणून बाई गुपचूप मेडिकलवर जाते. ट्यूब मिळते. मैत्रिणीला देते. ही पोरगी वापरत होती ती ट्यूबसुद्धा शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दिलेली.

मेडिकल नसेल तर स्वयंपाकघर. माझ्या सासूबाईंनी प्रेमानं हळद-बेसन कालवून दिलं होतं. लग्नाच्या हळदीला ठीक आहे हो, पण सोललेल्या कातडीवर बेसन चोळणं म्हणजे वाळू चोळणं. लिंबू तर नावच काढू नका. तुरटी, टूथपेस्ट, सगळं ऐकून झालंय.

पोरीला जे सांगितलं ते इथंही लिहिते. साध्या पाण्यानं आणि सौम्य क्लिन्झरनं दिवसातून दोनदाच तोंड धुवायचं. मास्कच्या अर्धा तास आधी पातळ हात मॉइश्चरायझर, आणि मास्कखाली मेकअप नाही. घामानं ओला झालेला मास्क बदलायचा, म्हणून डब्यासोबत दोन जादा ठेवायचे. कापडी असेल तर साबणाचा अंश राहणार नाही इतका खळबळून धुवायचा. जमेल तिथं चार तासांनी पंधरा मिनिटं, माणसं नसलेल्या मोकळ्या जागी, तोंड उघडं. एन-95 वापरणाऱ्यांनी मात्र खाली जाड तेलकट काही थापू नये, मास्क घट्ट बसत नाही आणि मग तो घालून उपयोग काय? इलॅस्टिक जिथं टेकतं तिथंच रेघ ओढल्यासारखी खाज असेल तर ती इलॅस्टिकमधल्या रसायनाची ॲलर्जी असू शकते, मग नाड्यांचा मास्क बघायचा. नुसते पिवळे फोड, कोरडी सालं, आगीसारखी जळजळ, ही तिन्ही वेगवेगळी दुखणी असू शकतात. मेडिकलच्या काउंटरवरून लांबून बघून ती ओळखता येत नाहीत. मलाही येत नाहीत.

2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कची सक्ती उठली आणि आपण सगळ्यांनी हा विषय मिटला असं धरलं. पॅकिंगच्या पोरी, लॅबमधली माणसं, टीबी वॉर्डातल्या सिस्टर, यांचा मास्क उठलेला नाही.

तिला गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेऊन दिली आहे. ट्यूब एकदम सोडायची की हळूहळू, ते तेच ठरवतील. सोबत मी जाणार, ड्युटी बदलून घेतली. अडचण तिच्या सुट्टीची होती. सुपरवायझर म्हणाला म्हणे, "पिंपल्ससाठी रजा?"

मग आमच्या डायनिंग टेबलावर बसून तिनं अर्ज लिहिला. कारणाच्या ओळीपाशी पेन थांबलं.

"काकू, ताप लिहू का?"

म्हटलं, नाही. लिही, कामावरच्या मास्कमुळं त्वचेचा आजार. मोठ्या अक्षरात लिही.